नातं: स्वतः

४ मार्च, सोमवार

नवं मेसेंजर आलं एकदाचं. कंप्युटरच्या उजव्या कोपऱ्यातून चौकट वर येते, टिंग करते, दहा सेकंद थांबते आणि जाते. सकाळपासून जीव नकोसा झालाय! हवेत धूळ फार, मास्क लावा – टिंग. कॅन्टीनमध्ये आज मासा – टिंग. कुठल्याशा मंत्र्याचा राजीनामा, ताजी बातमी – टिंग. धड एक ओळ टाइप होत नाही मेली!

आणि साडेदहाला काय यावं? 'आज वाढदिवस – ताक मिसुक, कोटिंग लाइन २.' माझी धाकटी बहीण, काचेला थर चढवतात त्या लाइनवरची! पण नाव लाल अक्षरांत!! जिवंत माणसाचं नाव कधी लालने लिहितात का? बनवणाऱ्यांना घरी कुणी शिकवलं नाही वाटतं. तडक फोन केला, रंग बदला आधी. म्हणे, उद्या बघतो.

संध्याकाळी मिसुककडे वाढदिवसाचं शेवाळाचं सूप घेऊन गेले. ती हसतच सुटली. "बघितलं गं. लाइनच्या दाराशी कंप्युटर आहे ना, तिथे. बायका किंचाळल्या सगळ्या." आईला सांगू नकोस म्हटलं. अपशकुन झाला म्हणून हॉस्पिटलात पडल्या पडल्या मीठ मागवेल आणि फेकेल चारी दिशांना.

६ मार्च, बुधवार

अक्षरं काळी झाली. बरं वाटलं. का वाटावं, कोण जाणे.

आता माझ्या कामाचंही मेसेंजरच झालंय. कंपनीतली लग्नं आणि मयतं – दोन्ही माझ्याच टेबलावर, अकरा वर्षं. पूर्वी कागद काढून बोर्डावर लावायचे. आता फॉर्म भरायचा, बटण दाबायचं, की चौतीसशे माणसांना टिंग. फॉर्ममध्ये कर्मचाऱ्याचं नाव, विभाग, नातं, हॉल नंबर, आईवडिलांचं असेल तर प्रेतयात्रा कधी. 'नातं' वर टिचकी मारली की यादी उघडते – स्वतः, पती/पत्नी, वडील, आई, सासरे, सासू. लग्नाला आणि मयताला एकच यादी. म्हणून 'स्वतः' सगळ्यात वर. आपण काहीच केलं नाही तर 'स्वतः'च राहतं.

आमच्या विभागाचे कुक साहेब मागे उभं राहून बघत होते. "किती सोपं झालं बघा मिरानबाई! आता चुकायलाच वाव नाही."

१२ मार्च, मंगळवार

नव्या पद्धतीतलं पहिलं मयत. योम चुन-ओक, कोटिंग लाइन २. वय सेहेचाळीस. नातं – स्वतः.

यादी उघडावीच लागली नाही. दहा सेकंद राहिली चौकट. तिच्यामागोमाग कोबीची – कंपनीच्या दुकानात आज अर्ध्या किमतीत.

मिसुकला फोन केला. "अगं, तिला आधीपासून रक्ताचं काहीतरी होतं म्हणे," म्हणाली. बाजूला बसायची ती हिच्या. दोन वर्षं.

१८ एप्रिल, गुरुवार

आज हसून हसून पोट दुखलं! मी जेवायला गेले होते. गोदामातल्या ह्वांगबोंचे वडील गेल्याचा फोन आला, तो साहेबांनी घेतला. 'मी करतो, त्यात काय' म्हणून स्वतःच फॉर्म भरला. चष्मा घरी! यादी उघडलीच नाही. चौतीसशे पडद्यांवर टिंग – ह्वांगबो गिल-सू, गोदाम, नातं – स्वतः.

मी परत येते तर फोन थांबेचनात. 'अहो तो इथे खोकी मोजतोय!' 'अहो आत्ता माझ्याकडून सिगारेट घेऊन गेला!' एक्केचाळीस फोन, सहा मिनिटांत. मी मोजले. मग ह्वांगबो स्वतःच जिना चढून वर. डोळे रडून लाल, बाप गेलाय बिचाऱ्याचा. आणि दारातून म्हणतो, "साहेब, मी मेलो असेन तर दुपारच्या पाळीला येऊ की नको?" सगळं ऑफिस हसून जे फुटलं! तोही हसला, रडता रडता. आयुष्य वाढलं तुमचं, म्हणाले त्याला सगळे.

साहेबांनी दुरुस्तीची चौकट माझ्याकडून पाठवून घेतली आणि वर मलाच झापलं. "यादी अशी कशी ठेवता?" जशी काही मी बनवली!

८ मे, बुधवार

आईवडिलांचा दिवस. हॉस्पिटलात आईच्या छातीवर कार्नेशनचं फूल लावलं. मिसुक उशिरा आली, पायऱ्या चढून धापा टाकत. आई म्हणाली, "ही का म्हातारीसारखा श्वास घेते?" आईला दुसरं काही कळत नाही आता, पण हे कळलं.

मिसुकची नखं बघितली. मुळाशी पांढरी फटक.

"ते पाणी बदलून घे ना तुमच्या साहेबांकडून." लाइनवर काच पुसायला जे वापरतात त्याला सगळे पाणीच म्हणतात. डब्यावरही तसंच – धुण्याचं पाणी. गोडसर वास येतो. तिच्या केसांना, उशीला, सगळ्याला येतो. पाण्याला वास कसला?

"ताई, तू ना उगाच."

२३ मे, गुरुवार

सोक जोंग-ए. कोटिंग लाइन २. एकोणचाळीस. स्वतः.

दोन.

२४ मे, शुक्रवार

रात्रभर हेच डोक्यात, म्हणून आज साहेबांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. म्हटलं, साहेब, मार्चमधली योमबाई आणि ही, दोघी एकाच लाइनच्या. त्यांनी वर बघितलंच नाही. "लाइनवर पासष्ट माणसं आहेत. माणसं मरतात, मिरानबाई." कागद उलटत – "तुमची बहीणही तिथेच ना? तिच्या मुलीचं कॉलेज पुढच्या मार्चपासून? चांगलंय. मुलांची फी कंपनी भरते, हे फार चांगलंय."

एवढंच. आवाज अगदी गोड. खुर्चीवर येऊन बसले. भ्याले मी. लिहूनच ठेवते – भ्याले.

३ जून, सोमवार

दोन नवे नियम. मयताच्या चौकटीत विभाग लिहायचा नाही, 'खासगी बाब' म्हणून. आणि चौकट दहा नाही, तीन सेकंदच. कामात व्यत्यय येतो!

कोबी, मासा, धूळ – त्यांना दहाच.

२० जून, गुरुवार

बातम्यांमध्ये आपल्याला हवा तो शब्द टाकून ठेवला की तेवढ्याच बातम्यांची चौकट येते, हे पलीकडच्या टेबलावरच्या ओमबाईंनी शिकवलं. त्यांनी नवऱ्याच्या फुटबॉल टीमचं नाव टाकलंय. मी टाकलं – कोटिंग, काच, सफाई.

आज तीन वाजून दहा मिनिटांनी आली. 'काचेच्या कारखान्यात सफाईच्या द्रवामुळे सात कामगार…' एवढंच दिसलं. गाव दिसलं नाही. पुढचं वाचायला हात नेला तोवर गेली! मग शोध शोध शोधली. नाही सापडली. दुसऱ्याच कुठल्या तरी गावची असणार. दुसऱ्याच.

घरी येऊन मिसुकला सांगितलं. "सात कुठे? आमच्याकडे दोनच," म्हणाली. मग पुन्हा मोजलं. "तीन. गोंग-जू गावची मावशी धर. पण तिने जानेवारीतच राजीनामा दिला होता ना."

कोण ही मावशी? मला नावसुद्धा माहीत नाही! राजीनामा दिलेल्यांची चौकट निघत नाही. आजारी पडायचं, राजीनामा द्यायचा, गावी जायचं – माझ्या टेबलावर येतच नाहीत ती माणसं! हे अकरा वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही माझ्या.

२४ जून, सोमवार

बातम्या बंद. सगळ्या कंप्युटरवर. 'एकाग्रतेसाठी.' ओमबाई चिडल्यात, फुटबॉल गेलं त्यांचं.

१६ जुलै, मंगळवार

मिसुकला आज स्पष्टच म्हटलं – सोड. आजच सोड. फी मी भरीन, तो ओमबाईंच्या बहिणीचा नूडल्सचा गाडा आहे तिथे लाग, काहीही कर.

भडकली! "तू भरशील? चार वर्षं? तुझ्या त्या खुर्चीवर बसून? मार्च येऊ दे, ताई. पोरगी एकदा आत गेली की मी दुसऱ्या दिवशी सोडते. आठ महिने. आठ महिन्यांनी काय होतंय?"

"आठ महिन्यांत मेलं काय काय होतं बघितलंस ना!"

"आणि ते मेलं मेलं बंद कर आधी! प्रत्येक वाक्यात!"

खरंच म्हणते का मी? म्हणते वाटतं. बंद करायचं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

चुसक, सुगीचा सण. पूर्वजांची पूजा मिसुककडे मांडली. तिला पूर्ण वाकून नमस्कार घालता आला, पण उठता येईना. मुलीने हात धरून उठवलं. "गुडघा गं," म्हणाली सगळ्यांना.

कंपनीतून तपासणी झाली होती तिची ऑगस्टमध्ये. निकाल – 'काम करण्यास योग्य'. फ्रिजवर लावलाय चुंबकाने, देवाच्या तसबिरीसारखा.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी फॉर्म उघडून बसले होते. कुणाचं काही नाही, असाच. नावात टाइप केलं – ताक मिसुक. विभाग नाही आता. नातं बघितलं.

झटकन पुसलं. कुणी बघितलं नाही. का केलं मी हे? शी! घरी जाताना देवळात जाऊन आले. तरी हात धुवावेसे वाटत होते.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज पुन्हा.

१६ नोव्हेंबर, शनिवार

वर्षाची किमची घातली. चाळीस गड्डे. दरवर्षी मिसुक मिठातला कोबी पिळते आणि मी मसाला भरते. आज तिला टोपली उचलवली नाही. आम्ही नुसती अदलाबदल केली.

मग पांढऱ्या पानावर लाल थेंब पडला. दुसरा. "तिखट उडालं गं," म्हणाली, नाकाला मनगट लावून. मी ते पान काढून बाजूला टाकलं. तिखट काय मला ओळखू येत नाही? साडेतीन महिने राहिले मार्चला. आम्ही दोघींनी बसून चाळीस गड्डे भरले आणि मार्चचं, पोरीचं, हॉस्टेलच्या पांघरुणाचं बोललो. देवा, ओढून ने एवढे साडेतीन महिने.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आई गेली. पहाटे पाच दहाला. झोपेतच. आम्ही दोघी होतो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

हॉलच्या मागच्या खोलीत बसून लिहितेय. मिसुक आडवी झालीय. कालचं लिहिलं पाहिजे. जसं झालं तसं.

हॉस्पिटलच्याच शोकगृहात आईला हॉल तीन नंबर मिळाला. नऊला मयताची चौकट पाठवायची म्हणजे माणसं दुपारपर्यंत येतात. बटण दाबायचा अधिकार माझ्याकडेच, म्हणून हॉस्पिटलच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. दोघीही कंपनीतल्या, तेव्हा फॉर्म दोन. आधी माझा – ताक मिरान, नातं – आई. डोळ्यांतून पाणी चालूच. मग मिसुकचा. नाव टाइप केलं. हॉल तीन. आत फोटोला काळी पट्टी लावायला बोलावत होते, मिसुक हाका मारत होती, ताई, फुलं कुठली सांगायची? बटण दाबलं आणि लॅपटॉप मिटला. नऊ वाजून चार मिनिटं.

साडेदहाला कोटिंगचे पियो सुपरवायझर आले. मागे लाइनच्या सहा बायका, काळ्या कपड्यांत. आत आले, आईच्या फोटोला दोनदा वाकले, मला एकदा. मग उभेच. इकडेतिकडे बघतायत. पियो अगदी हळू म्हणाले, "आणि दुसरा हॉल कुठे आहे? चौकटीत दोन्हींना तीनच लिहिलंय."

"कुठला दुसरा?"

"मिसुकबाईंचा."

मला कळेचना. तेवढ्यात मिसुक मागच्या दाराने आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये मटणाच्या सुपाचे वाडगे, केसांत सुतकाची पांढरी रिबन. "आलात? बसा ना, जेवून जा," म्हणाली.

कुणी किंचाळलं नाही. मला वाटलं आता किंचाळतील, ह्वांगबोच्या वेळी कसा गोंधळ झाला होता. एक म्हातारी बाई पुढे झाली. तिने मिसुकचा ट्रे काढून खाली ठेवला आणि तिचा हात हातात घेतला, पोराचा ताप बघतात तसा. बाकीच्या खाली बघत होत्या. पियोंनी कपाळावर हात मारला आणि कान लाल झाले त्यांचे. "माफ करा… चौकट आली… मी लगेच बदली बाई मागवली. ती दुपारच्या पाळीला येतेय." आणि मग, काहीतरी बोलायचं म्हणून – "बदलीचा अर्ज तर मी महिन्यापूर्वीच भरून ठेवला होता."

मी लॅपटॉप उघडला. ताक मिसुक. हॉल तीन. नातं – स्वतः.

यादी उघडलीच नव्हती मी! साहेबांना तेव्हा मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या. आणि मी? चष्मा डोळ्यांवर असताना? हात नुसता खाली गेला आणि बटण दाबून आला. दोनदा सरावच केला होता ना हाताने.

बाराला साहेबांचा फोन. "अहो काय हे मिरानबाई! पियोने सांगितलं म्हणून कळलं. दुरुस्ती पाठवा आधी!" मी विचारलं, "साहेब, चूक आहे म्हणून ऑफिसात कुणाचा फोन आला?" "नाही. कुणाचाच नाही. दोघींचा हॉल एकच कसा, असं विचारायला आले पाच-सहा." आणि वर, "मीसुद्धा फुलं पाठवलीयत."

खरंच आली होती. कंपनीकडून पांढऱ्या शेवंतीची दोन चक्रं, दाराच्या दोन बाजूंना. सकाळपासून मी बघतेय आणि मला वाटलं, एका आईला दोन पाठवली, किती चांगली माणसं!

दुरुस्तीची चौकट अजून पाठवलेली नाही. फॉर्म उघडते आणि मिटते.

मिसुकला अजून नीट सांगितलेलं नाही. बायका रांगेने तिच्यापाशी येऊन का रडल्या, हे तिने विचारलेलंही नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आईला पोचवून आलो. दारात मी मीठ टाकलं. मिसुक पायरीवर बसली, बूट काढायला. दोनदा थांबून श्वास घेतला.

"ह्वांगबोच्या वेळी किती फोन आले होते गं?"

"एक्केचाळीस."

"आणि माझ्या वेळी?"

एकही नाही, म्हटलं. खोटं बोलता आलं नाही मला.

एक बूट हातात तसाच धरून होती. मग म्हणाली, "दुरुस्ती पाठवू नकोस, ताई. मेलेली बाई सोमवारी कामावर कशी जाईल?"